साहेबांची कवळी

कवळीबाईने साहेबांना ओळखलं ते टाळूवरून. साहेब समोर नव्हतेच. समोर होता प्लास्टरचा पांढरा साचा, त्या सकाळी दातांच्या दवाखान्यातून डब्यात घालून आलेला. त्याच्या मधोमध एक उंचवटा होता, डावीकडे कललेला, पाठीवर बारीक खाच असलेला. टाळूला उंचवटे पुष्कळांच्या असतात, पण हा उंचवटा कवळीबाईच्या बोटांना पाठ होता. डब्यातल्या चिठ्ठीवर नाव होतं, ते तिने मागाहून वाचलं. तोवर तळपायाची आग मस्तकात गेलेली होती.

"वन्सं," तिने हाक मारली, "इकडे या. कोण आलंय बघा घरी."

नणंद कोपरापर्यंत प्लास्टरने माखलेले हात तसेच घेऊन आली. तिने साचा बघितला, मग भावजयीचं तोंड बघितलं.

"हा तोच?"

"तोच."

"दात गेले सगळे? देव आहे म्हणायचा."

गल्लीत तिला सगळे कवळीबाईच म्हणत, आणि तिची त्याला हरकत नव्हती. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतात हे लोकांना ठाऊक असतं. त्या ठशावरून साचा ओतणारं, मेणात एकेक दात बसवणारं, हिरडीचा रंग जुळवणारं माणूस वेगळंच असतं हे कोणाच्या गावीही नसतं. पेशंट हसला की नाव डॉक्टरचं होतं. कवळीबाईला तेच हवं होतं. कोणी आपल्याला बघू नये, कोणी आपल्या पाठीमागे येऊन उभं राहू नये, एवढीच तिची जगाकडे मागणी होती. म्हणून तर घराच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली लांब टेबल टाकून, खुर्ची भिंतीला टेकवून ती बसे. पाठीमागे भिंत, समोर दार. प्लास्टर कालवायचं, कवळ्या गरम पाण्यात शिजवून पक्क्या करायच्या आणि जगाला तोंड द्यायचं ही कामं नणंदेकडे होती.

खुर्ची भिंतीला का टेकली, याचं उत्तर त्या टाळूत होतं.

पूर्वी ती शहरातल्या एका मोठ्या लॅबमध्ये होती. एका हॉलमध्ये टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलावर दिवा, आणि सगळ्यांच्या पाठी एकाच बाजूला. त्या पाठींमागून साहेब फिरत. लॅब त्यांची नव्हती, ते नुसते देखरेखीला होते. पण मालक परवडला असता. साहेब कधी ओरडत नसत. कधी कोणाला वाईट बोलले नाहीत, असंही लोक शपथेवर सांगतील. त्यांच्या हातात एक जुना साचा असे, वरचा एका हातात आणि खालचा दुसऱ्यात, आणि ते दोन्ही एकमेकांवर आपटत ते चालत. टक. टक. टक. ज्याचं काम मागे पडलंय त्याच्या खुर्चीमागे ते थांबत. काही बोलत नसत. टक. टक. टक. तुम्ही मान वळवली तर हसत आणि म्हणत, "चालू द्या, चालू द्या." एखाद्या डॉक्टरकडून कवळी परत आली की ती हॉलच्या मधोमध उपड्या पेल्यावर ठेवत आणि विचारत, "ही कोणाची बरं?" ज्याची असेल त्याला उठून सगळ्यांसमोर ती घेऊन जावी लागे. साहेबांची स्वतःची वरची कवळी तेव्हा कवळीबाईनेच केली होती. "टोचतेय" म्हणून त्यांनी ती इतक्या वेळा परत ठेवली, की त्या टाळूचा प्रत्येक चढउतार तिला अंधारातही काढता आला असता. कवळी टोचत नव्हती. टोचायची हौस साहेबांना होती.

मग एका दुपारी, खुर्चीमागे टक टक चालू असताना, तिच्या हातातली मेणाची सुरी पडली. छाती इतक्या जोरात धडधडायला लागली की तो आवाज बाहेरच्यांना ऐकू जातोय असं तिला वाटलं. बोटांना मुंग्या आल्या, घसा आवळला, भिंती लांब गेल्या. आपण मरतोय, एवढी एकच गोष्ट तिला अगदी स्वच्छ कळली. शेजारच्या टेबलांवरच्या बायकांनी उचलून तिला हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीला तारा लावल्या, कागदावरच्या रेघा बघितल्या आणि सांगितलं, "तुम्हाला काहीही झालेलं नाही." चांगल्या मनाने सांगितलं हो त्यांनी. पण आत्ताच मरणाच्या दारातून आलेल्या बाईला काहीही झालेलं नाही म्हणायचं, म्हणजे तुझ्या घराला लागलेली आग आम्हाला दिसत नाही म्हणण्यासारखं आहे.

ती कामावर परतली तेव्हा साहेबांनी हातातला साचा आपटून सगळ्यांचं लक्ष वेधलं.

"हृदय ठणठणीत आहे बरं का बाईंचं," ते म्हणाले. "नाटक होतं. चला, कामाला लागा."

आणि हॉल हसला. साहेबांना सगळे घाबरून होते, म्हणून हसले, हे तिला नंतर कळलं. पण ज्या शेजारणींनी तिला उचलून नेलं होतं त्याही हसल्या, हे तिने मनातून काही सोडलं नाही.

त्यानंतर ते वरचेवर व्हायला लागलं. आधी हॉलमध्ये, मग हॉलकडे जाणाऱ्या बसमध्ये, मग बस दिसली तरी. नोकरी सुटली. बाजारात जाणं सुटलं. शेवटी दाराबाहेर चपला काढलेल्या दिसल्या, कोणी आलंय एवढं कळलं, तरी ती आतल्या खोलीत जाऊन कडी लावायची. ताटावर चमचा वाजला, टक, की ती भिंत धरायची. नणंदेने एके दिवशी मुकाट्याने घरातले सगळे स्टीलचे चमचे पिशवीत भरले आणि लाकडी आणून ठेवले. लाकडी चमच्याने चहात साखर नीट ढवळत नाही, म्हणून तिने वर्षभर कुरकुर केली, पण स्टीलचा चमचा घरात येऊ दिला नाही.

नणंदेनेच तिला ओढत मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हातारे गृहस्थ होते, आणि "काहीही झालेलं नाही" असं न म्हणणारे पहिलेच.

"झालंय," ते म्हणाले. "तुमच्या आत एक राखणीचा कुत्रा आहे. सगळ्यांच्यातच असतो. चोर आला की तो भुंकतो, तुम्ही पळता, जीव वाचतो. तुमचा कुत्रा इतके दिवस डिवचला गेलाय की आता पोस्टमन आला तरी तसाच भुंकतो. धडधड खरी, घाम खरा, भीती खरी. चोर तेवढा खोटा."

"मग कुत्र्याला गप्प कसं करायचं?"

"मारून नाही. पोस्टमनला रोज येऊ द्यायचं. कुत्रा भुंकेल, दमेल, बसेल. तुम्ही पळालात की त्याला वाटतं, आपलं बरोबर होतं."

काही महिने गोळ्या घेतल्या, आणि रोज पोस्टमनला येऊ दिलं. म्हणजे कवळीबाईने स्वतःच्या हातात दोन साचे धरून ते एकमेकांवर आपटायचे आणि जागचं हलायचं नाही. आधी ती रडायची. मग नुसता घाम यायचा. मग नणंद स्वयंपाकघरातून न सांगता आपटायची आणि वर विचारायची, "मेलीस का?" हळूहळू कुत्रा दमायला शिकला. कवळीबाईने घरीच काम सुरू केलं. साचे आपटल्याशिवाय कवळी होत नाही. वरचे दात खालच्यांवर कसे बसतात ते बघावंच लागतं. ते ती आता करू शकत होती. फक्त बाहेर ती फारशी जात नसे, आणि साहेबांना ती विसरली नव्हती. विसरायला कोणी सांगितलंही नव्हतं. साहेबांवर तिचा दात होता, आणि तो पडायला टेकलेला नव्हता.

आता त्या साहेबांचं तोंड तिच्या टेबलावर होतं.

"काय करणार?" नणंदेने विचारलं. "टोचेल असं काही ठेव आत."

"टोचलं की घासून मिळतं," कवळीबाई म्हणाली. ती विचार करत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असा तजेला नणंदेने कित्येक वर्षांत बघितला नव्हता. "वन्सं, कवळीची उंची ठाऊक आहे ना? वरचे आणि खालचे दात मिळून जेवढे उंच हवेत, त्यापेक्षा जरासे जास्त उंच केले तर काय होतं?"

"जबडा दुखतो."

"दुखतोच. तोंडाला विसावा म्हणून मिळत नाही. पण त्याहून मजा म्हणजे बोलताना दात एकमेकांवर आपटतात. शब्दाशब्दाला. टक. टक. टक."

नणंदेने प्लास्टरच्या हातांनीच टाळी वाजवली. सगळं टेबल पांढरं झालं.

"जन्मभर!" ती म्हणाली. "जेवताना, बोलताना! स्वतःच्याच तोंडात!"

माणसाला शांत करायला घरात दुसरं कोणीतरी असावं लागतं. नणंद त्या कामाची नव्हती.

"दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं तर?" तिने तेवढं मात्र विचारलं.

"माप तुमच्याकडून आलं तसं लावलं, असं म्हणेन."

हे म्हणताना कवळीबाईची जीभ जराशी अडखळली. दातांच्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. या बाईने हात लावलेलं काम आपण तपासतही नाही, असं त्या चारचौघांत सांगत. तो विश्वास गेला तर मागच्या खोलीतला दिवा विझला असता, आणि भिंतीला टेकलेल्या खुर्चीवर बसून करता येईल असं दुसरं काम जगात नव्हतं. हे सगळं तिला कळत होतं. कळून तिने मेण तापवलं आणि दात चढवले. मोठ्या निगुतीने चढवले. रूप असं देखणं आलं की बघणाऱ्याने कौतुक करावं. आयुष्यात पहिल्यांदा ती मुद्दाम चुकीचं काम करत होती आणि इतकं सुबक काम तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

कवळी पक्की शिजवण्याआधी मेणातले दात पेशंटच्या तोंडात घालून बघतात. त्याला ट्रायल म्हणतात, आणि ट्रायलला कवळीबाई कधीही जात नसे. दवाखाना लांब, बसने जायचं, वर लिफ्टने चढायचं. मनाचे डॉक्टर तिला लिफ्टमध्ये पाय ठेवायला सांगून सांगून थकले होते. या वेळी तिने स्वतःच फोन केला.

"रंग जुळवायला मी येते," ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंना आपण नीट ऐकलं का याची खात्री करावी लागली.

ती बसने गेली. लिफ्टचं दार बंद झालं तेव्हा कुत्र्याने कान टवकारले, पण तिने त्याला दटावलं. आज मला वेळ नाही, ती मनात म्हणाली. आवाज ऐकायला चाललेय मी. सूड घ्यायला निघालेली बाई लिफ्टला भीत नाही, हे मनाच्या डॉक्टरांना कळलं असतं तर त्यांनी आणखी आधी एखादा शत्रू शोधून दिला असता.

दवाखान्याच्या खोलीत खुर्चीवर साहेब रेलले होते. तिला धक्का बसला. गाल आत गेलेले, सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल, गळ्याला कागदी रुमाल बांधलेला. पण नजर तीच होती, सगळीकडे फिरून कोणाचं काम मागे पडलंय ते शोधणारी. ती नजर तिच्यावरून गेली, आणि पुढे गेली. साहेबांनी तिला ओळखलं नाही. तिने त्यांची टाळू ओळखली होती, आणि त्यांना तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. उरलीसुरली दया त्या क्षणी संपली.

भिंतीकडेच्या स्टुलावर साहेबांची बायको बसली होती, मांडीवर पर्स घेऊन. कवळीबाई तिच्या शेजारी उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी मेणातले दात साहेबांच्या तोंडात बसवले आणि आरसा धरला.

"काहीतरी बोला. काहीही."

"काय बोलू?" साहेब म्हणाले. टक. "बरे दिसतात की." टक. टक. "छान बसलेत." टक.

आला! कवळीबाईने श्वास रोखला. आता त्यांचं तोंड वाकडं होईल, आता ते गालाला हात लावतील. साहेबांनी आरशात बघून जबडा मिटला, उघडला, मिटला. टक. टक. टक. आणि ते हसले.

"मस्त," ते म्हणाले. "एकदम भरीव वाटतात. दात असल्यासारखं वाटतंय. असेच ठेवा."

ज्याने आयुष्यभर तो आवाज केला, त्याला तो कसला खुपणार! त्याला तर तो घरचा वाटला. कवळीबाईच्या छातीत मात्र धडधड सुरू झाली. बोटांना मुंग्या. कुत्रा उठला होता आणि जीव तोडून भुंकत होता, आणि या वेळी पोस्टमनला तिने स्वतः घडवून, रंग देऊन आत सोडलं होतं. पळ, पाय म्हणाले. तिने पाय फरशीवर दाबून धरले. भुंक, दमशील. नजर कुठेतरी टेकवायची म्हणून तिने खाली बघितलं, आणि तिला साहेबांच्या बायकोचा हात दिसला.

पर्सच्या पट्ट्यावर बोटं इतकी आवळलेली की नखं पांढरी पडलेली. टक. हात दचकला. टक. पुन्हा दचकला. बाईचं तोंड किंचित उघडं होतं, श्वास गळ्यापाशीच अडकलेला, आणि डोळे दाराकडे लागलेले. दाराकडे बघण्याची ती पद्धत कवळीबाईला चांगली ठाऊक होती. लॅबमधून साहेब घरी जात, तेव्हा हात काही हॉलमध्ये ठेवून जात नसत. जेवणाच्या टेबलावर, खुर्चीच्या हातावर, काचेवर, काय काय वाजवलं असेल त्यांनी एवढ्या वर्षांत? आणि आता ते कायमचं तोंडात बसवून ती या बाईच्या घरी पाठवणार होती. सूड साहेबांवरून सरकून भलत्याच बाईच्या मांडीवर जाऊन बसला होता.

"उंची जरा जास्त वाटतेय का हो?" डॉक्टरीणबाईंनी वळून तिला विचारलं. "की नवीन आहेत म्हणून? होईल सवय?"

होईल सवय, एवढंच म्हणायचं होतं. एवढ्यासाठी ती बसने आली होती, लिफ्टने चढली होती. साहेब आरशात बघत जबडा वाजवत होते. तिला त्यांची कीव आली नाही, यत्किंचितही नाही. आला तो संताप, की या माणसाचा सूडसुद्धा धड घेता येऊ नये!

"नाही," ती म्हणाली. आवाज कापला, पण आला. "चढलीय. तुमचं माप बरोबर होतं, चूक माझी आहे. काढा ते, मी उतरवते."

तिने स्वतःच पुढे होऊन साहेबांच्या तोंडातून दोन्ही कवळ्या काढल्या. त्यांचे गाल पुन्हा आत गेले. दात तिच्या मुठीत होते आणि साहेब खुर्चीत आडवे होते. आणि मग तिच्या लक्षात आलं की इतकी चांगली वेळ पुन्हा येणार नाही. ती त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "मान वळवू नका. चालू द्या, चालू द्या."

साहेबांचे खांदे ताठ झाले. आता ओळख पटली होती.

"त्या दिवशी हॉलमध्ये मी नाटक केलं नव्हतं. मला खरंच वाटलं होतं की मी मेले. हृदयाला काही झालं नव्हतं, पण माझं काही शिल्लक ठेवलं नव्हतंत तुम्ही. बस गेली, बाजार गेला, माणसं गेली. घरातले चमचे गेले. एवढं सगळं एका टकटकीने नेलं, आणि तुम्ही वर माणसांना हसायला लावलंत. मी तुम्हाला माफ करायला आलेले नाही. मी तुमचे दात करते, म्हणून आलेय."

साहेब उसळून काहीतरी बोलले. मोठ्या रागाने बोलले. पण तोंडात दात नव्हते, त्यामुळे नुसती थुंकी आणि वारा बाहेर आला आणि गळ्याचा कागदी रुमाल भिजला. काय म्हणाले ते कोणालाच कळलं नाही. त्यांनी हाताने आरसा मागितला, दात मागितले, बायकोकडे बोट केलं. कोणी हललं नाही. डॉक्टरीणबाई तर टेबलावरच्या बाटल्या उगाच नीट लावत बसल्या. मुठीतले दोन्ही जबडे त्यांच्या कानाशी एकदा वाजवावेत असं कवळीबाईला फार वाटलं. पण स्टुलावरच्या बाईने पर्सचा पट्टा अजून सोडला नव्हता. म्हणून तिने ते कापसात गुंडाळले आणि डब्यात ठेवले.

लिफ्टपाशी तिला मागून पावलं ऐकू आली. साहेबांची बायको होती.

"ते चमच्यांचं..." ती म्हणाली. "मीही स्टीलचे काढून लाकडी आणलेत. ह्यांना सांगितलं, भांडी खराब होतात म्हणून."

कवळीबाईने तिला मनाच्या डॉक्टरांचा पत्ता सांगितला, कुठल्या रस्त्याने जायचं, कुठल्या दारातून आत शिरायचं ते सांगितलं. "तुम्हाला काहीही झालेलं नाही, असं ते म्हणत नाहीत," एवढंच वर जोडलं. बाईने मान डोलावली. दवाखान्याच्या आतून साहेबांचा अस्पष्ट, ओला ओरडा येत होता, आणि तो काय आहे हे कळण्याची काही सोय नव्हती. दोघी थोडा वेळ तो ऐकत उभ्या राहिल्या. मग बाईने डब्याकडे बोट केलं.

"हे कधी तयार होतील?"

"उंची आजच उतरवते. शिजवून, घासून... पुढच्या आठवड्यात मिळतील."

बाईने मागे दाराकडे बघितलं. या वेळी तिच्या नजरेत पळून जाणं नव्हतं.

"घाई नाही हो," ती हळूच म्हणाली. "सावकाश करा. घर कसं शांत आहे सध्या."

कवळीबाईने त्याच संध्याकाळी दात उतरवले, केसभरही कमीजास्त नाही असे. ते एकमेकांवर टेकायचे तेव्हा आवाज होत नव्हता. नणंदेने दोनदा कान लावून बघितला आणि निराश झाली. कवळी शिजली, घासली, चकाकली, आणि ठरल्या दिवसाच्या आधीच तयार झाली. कवळीबाईने ती पाण्याच्या डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि डबा वरच्या फळीवर सारला.

दवाखान्यातून फोन आला. साहेब रोज विचारत होते. जुनी वरची कवळी आता बसत नाही, बोलता येत नाही, चावता येत नाही, फार चिडलेत म्हणे.

"होतेय," कवळीबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

"अगं तयार तर आहे!" नणंद फळीकडे बघत म्हणाली. "पाठवायची कधी?"

कवळीबाईने मेण तापवायच्या दिव्याची वात नीट केली आणि दुसऱ्या कोणाचा तरी साचा पुढे ओढला.

"त्यांच्या बायकोचा फोन आला की," ती म्हणाली.